डॉल्फिन, फॅक्स आणि पंचवीस मिनिटांत पुणं

कचऱ्याच्या ढिगाऱ्यांमध्ये काळा सूट घातलेला किआनू रीव्ह्ज उभा आहे. मागे याकुझा या जपानी गुंडटोळीचे मारेकरी लागलेत. डोक्यात मावत नाही एवढा डेटा कोंबलेला आहे आणि तो वेळेत बाहेर काढला नाही तर जिवाशी गाठ आहे. अशा वेळी हा गडी आरडाओरडा करतो तो रूम सर्व्हिससाठी! त्याला क्लब सँडविच हवं, थंडगार मेक्सिकन बिअर हवी, टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात धुतात तसे शर्ट धुवून हवेत. प्रसंग लिहिताना लेखकाला, चित्रित करताना दिग्दर्शकाला आणि बोलताना नटाला हा नायकाच्या वेदनेचा कळस वाटला असणार. प्रेक्षक मात्र खुर्चीतून पडायच्या बेताला येतो.

‘जॉनी निमॉनिक’ हा सिनेमा १९९५ चा. दिग्दर्शक रॉबर्ट लाँगो हा मुळात चित्रकार. पटकथा विल्यम गिब्सनची, म्हणजे सायबरस्पेस हा शब्द ज्याच्या लेखणीतून जगभर गेला त्या माणसाची, आणि तीही त्याच्याच १९८१ च्या कथेवरून. सिनेमा घडतो २०२१ साली. जग मोठ्या कंपन्यांच्या मुठीत गेलेलं आहे, एका असाध्य आजाराची साथ पसरली आहे आणि जॉनी हा डोक्यात चिप बसवून घेतलेला निरोप्या आहे. कंपन्यांची गुपितं मेंदूत भरायची आणि दुसऱ्या शहरात नेऊन उतरवायची, हा त्याचा धंदा. त्यासाठी जागा हवी म्हणून त्याने स्वतःच्या बालपणीच्या आठवणी पुसून टाकल्यात. डोक्यात जागा किती, तर ८० जीबी. एक जोडउपकरण लावून ती १६० होते, आणि हा पैशाच्या लोभाने ३२० जीबी भरून घेतो. आता बोला! खिशातल्या फोनमध्ये याच्याहून जास्त जागा असलेला कॉलेजातला पोरगा हे बघतो तेव्हा त्याच्या तोंडून जे हसू फुटतं, ते कुठल्याही विनोदी सिनेमाला मिळत नाही.

पुढचं तर विचारूच नका. जगातली सगळ्यात मौल्यवान माहिती उलगडण्याची किल्ली म्हणजे टीव्हीवरची तीन चित्रं, आणि ती बीजिंगहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला पाठवायची कशी, तर फॅक्सने. २०२१ साली. नायक इंटरनेटवर जातो म्हणजे डोळ्यांवर अवजड चष्मा आणि हातात मोजे चढवून हवेत हातवारे करतो. एक खलनायक अंगठ्यातून लाल चमकती तार काढून माणसं कापतो. डॉल्फ लुंडग्रेन हा नट येशूसारखे केस वाढवलेला धर्मोपदेशक झालाय आणि तो सुपारी घेऊन खून पाडतो. शेवटी जॉनीच्या डोक्यातलं कुलूप उघडायला मदत कोण करतं? जोन्स. पूर्वी नौदलात असलेला, टाकीत ठेवलेला एक डॉल्फिन. साथीवरचा इलाज जगाला मिळतो तो माशाच्या कृपेने. (डॉल्फिन मासा नव्हे, सस्तन प्राणी, हे मला ठाऊक आहे. पण सिनेमालाच पर्वा नाही तर मी का करू?)

या हसण्याबद्दल मला जरा गंभीरपणे बोलायचं आहे. आधी एक फरक करून ठेवतो. १९९३ चा ‘डिमॉलिशन मॅन’ही भविष्यातला मारधाडीचा सिनेमा, २०३२ सालात घडणारा. त्यात संडासात कागदाऐवजी तीन शिंपले ठेवलेत आणि ते कसे वापरायचे हे नायकाला शेवटपर्यंत कळत नाही. तिथेही आपण हसतो, पण ते हसू मागून घेतलेलं आहे. ‘भविष्यात एकच हॉटेल उरलं’ या विनोदासाठी त्यात टॅको बेल ही साखळी निवडली होती. युरोपात ती कोणाला माहीत नव्हती म्हणून तिथल्या प्रतींत नाव पुसून पिझ्झा हट केलं. सिनेमाला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे. अनवधानाचा विनोद याच्या बरोबर उलटा. त्याला बनवणाऱ्याची शंभर टक्के निष्ठा लागते. जरा जरी डोळा मिचकावला तरी मजा गेली. म्हणून ‘इतका वाईट की चांगला’ असा सिनेमा ठरवून काढायला गेलं की तो नुसताच वाईट निघतो.

लाँगोने नंतर सांगितलेली हकिगत अशी की त्याला पंधरा लाख डॉलरचा छोटा, कलात्मक सिनेमा करायचा होता. तेवढे पैसे कोणी देईना, म्हणून तो तीन कोटींच्या घरातला झाला. थोड्यासाठी दार न उघडणारे मोठ्यासाठी उघडतात! पैसे आले तसे पैशांचे मालकही आले. दरम्यान १९९४ मध्ये ‘स्पीड’ तुफान चालला आणि किआनू रीव्ह्ज हा मारधाडीचा हिरो ठरला, मग स्टुडिओलाही तसाच माल हवा झाला. लाँगोने २०२१ च्या सुमारास याच सिनेमाची कृष्णधवल आवृत्ती काढली. ती पाहणाऱ्याला मूळ इरादा थोडाफार उमगतो. डॉल्फिन मात्र तिच्यातही आहे.

आता अशा जुन्या सिनेमांकडे पाहायची एक रीत हल्ली फार बोकाळली आहे. ‘बघा, त्यांनी आधीच सांगितलं होतं!’ २०२१ साली साथ होती, कंपन्यांची सत्ता होती, चष्मे लावून आभासी जगात जाणं होतं. म्हणजे सिनेमा द्रष्टा. मला या भाकीत शोधणाऱ्यांचा कंटाळा आला आहे. ज्योतिषाचंही असंच असतं, लागलेलं लक्षात राहतं आणि फसलेलं विसरलं जातं. शिवाय ते सिनेमावर अन्यायही करतात. ‘जॉनी निमॉनिक’ने भविष्य पाहिलंच नव्हतं. त्याने १९९५ पाहिलं आणि ते फुगवलं. तेव्हा घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क हजार एमबीच्या मागेपुढे असायची, म्हणून ८० जीबी अफाट वाटले. ऑफिसात फॅक्स होता, म्हणून भविष्यातही फॅक्स. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला, म्हणजे सिनेमा अमेरिकेत लागून तीन महिनेही झाले नव्हते.

आणि गंमत अशी की ज्या कल्पनेला आपण सगळ्यात जास्त हसतो, डेटा नेण्यासाठी माणूस पाठवायचा, ती तितकीशी वेडगळ नाही. २०१९ साली कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र प्रसिद्ध झालं. त्यासाठी जगभरातल्या दुर्बिणींनी जमवलेली माहिती इंटरनेटवरून पाठवणं परवडण्यासारखं नव्हतं, इतकी ती प्रचंड होती. हार्ड डिस्क खोक्यांत भरून विमानाने नेल्या. दक्षिण ध्रुवावरची खोकी तर तिथला हिवाळा सरून विमान उतरेपर्यंत महिनोन् महिने अडकून पडली होती. जॉनीचा धंदा खरा आहे, फक्त त्यात याकुझा नाही. आहेत ती खोकी, चिठ्ठ्या लावलेले पेटारे, हवामानाचा अंदाज आणि वाट बघणं.

मला जे म्हणायचंय त्याचं टोक इथे आहे. सिनेमा पुन्हा नीट पाहिला तर लक्षात येतं की हसू सगळीकडे येत नाही. जिथे भविष्य चकचकीत आहे तिथे येतं. चष्मे, मोजे, लेझर, बीजिंगच्या हॉटेलातली खोली, कंपनीच्या मनोऱ्यातल्या पडद्यावर बोलणारी मृत संस्थापिका. पण न्यूअर्कच्या पडीक पुलावर भंगारातून वस्ती उभारून राहणारे ‘लो-टेक’ लोक दिसतात तिथे हसू थांबतं. जुने टीव्ही जोडून केलेला पडदा, ताडपत्र्या, लोंबणाऱ्या वायरी, कुठून तरी चोरून घेतलेली वीज. तो पूल आजही खरा वाटतो. धारावीतून किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांच्या गल्लीतून गेलेल्याला तर तो भविष्य वाटणारच नाही. कारण तिथे वस्तू मोडतात. कोणीतरी त्या दुरुस्त करतं. कोणीतरी वायर ओढताना शिडी धरून उभं असतं. चकचकीत भविष्यात काहीच मोडत नाही, काहीच गळत नाही, कुणालाही रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि म्हणूनच ते पंचवीस वर्षांत हास्यास्पद होतं.

सिनेमातल्या इलाजाचंच घ्या. फार्माकॉम नावाची कंपनी साथीचा इलाज दडवून ठेवते, कारण रोग बरा करण्यापेक्षा रोग्याला कायम औषधावर ठेवण्यात नफा जास्त. १९९५ च्या प्रेक्षकाला हा इशारा कशाकडे आहे हे सांगावं लागत नव्हतं. एड्सच्या औषधांच्या किमतींविरुद्ध १९८९ मध्येच न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात घुसून निदर्शनं झाली होती. सिनेमात उत्तर काय, तर मारामारी, डॉल्फिन, मग इलाज साऱ्या जगाला प्रक्षेपित आणि कंपनीचा मनोरा जळतोय. टाळ्या.

प्रत्यक्षात काय झालं ते जास्त नाट्यमय आहे आणि पडद्यावर अजिबात उठून दिसणार नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरचं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही. तोवर पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत होते. हे सिप्लाला जमलं कशामुळे? १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात औषध या वस्तूला पेटंट नव्हतं, ते बनवण्याच्या प्रक्रियेला होतं. वेगळ्या रीतीने तेच औषध बनवा, तुम्ही मोकळे. संसदेत कलमाकलमावर चर्चा करून केलेला एक कायदा, तीस वर्षं तयार होत गेलेले रसायनशास्त्रज्ञ, कारखाने, दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळा. एवढं सगळं मागे होतं म्हणून आफ्रिकेतल्या रुग्णापर्यंत गोळी पोचली. कलमाला लेझर नसतो.

तर भविष्याची खरी सामग्री ही असली कंटाळवाणी असते, आणि ती नसली की भविष्य विनोदी होतं. सिनेमाच्या बाबतीत हे चालून जातं. तिकीट काढताना ही गोष्ट आहे हे आपल्याला माहीत असतं, पैसे गेले तर आपले, आणि हसायची मुभा पहिल्या मिनिटापासून असते. प्रश्न उभा राहतो तो हाच सिनेमा आपल्याला मंचावरून, दीपप्रज्वलन करून, सामंजस्य कराराच्या फायलीसकट दाखवला जातो तेव्हा. तिथे कोणी हसत नाही. पहिल्या रांगेत तर मुळीच नाही.

फेब्रुवारी २०१८, मुंबई, ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषद. व्हर्जिन हायपरलूप वन या अमेरिकी कंपनीचा महाराष्ट्र सरकारशी करार जाहीर झाला. मुंबई ते पुणे साधारण २५ मिनिटांत. जवळजवळ निर्वात केलेल्या नळीतून चुंबकावर तरंगणारे डबे धावणार, वेग ताशी हजार किलोमीटरच्या घरात, वर्षाला १५ कोटी प्रवासफेऱ्यांची क्षमता. सोबत चित्रफीत: पांढऱ्याशुभ्र नळ्या, शांत चेहऱ्याचे प्रवासी, सामान कुणाकडेच नाही. २०१९ मध्ये राज्याने प्रकल्पाला मान्यताही दिली. खर्च ७० हजार कोटींच्या आसपास, आणि आधी पुण्याबाहेर ११.८ किलोमीटरचा प्रायोगिक टप्पा.

जरा बेरीज-वजाबाकी करू. वर्षाला १५ कोटी फेऱ्या म्हणजे दिवसाला चार लाखांहून थोड्या जास्त, एका दिशेला दोन लाख. रोज १८ तास सेवा धरली तर तासाला सुमारे ११ हजार ४०० माणसं. कंपनीच्या पुढच्या आराखड्यातल्या डब्यात जास्तीत जास्त २८ जण बसणार होते. म्हणजे तासाला चारशेच्या वर डबे, दर नऊ सेकंदांना एक. ताशी हजार किलोमीटर वेगाने नऊ सेकंदांत अडीच किलोमीटर अंतर जातं. उभ्या-बसलेल्या माणसाला सोसवेल अशा बेताने ब्रेक लावला तर तेवढ्या वेगातून थांबायला पंचवीस ते चाळीस किलोमीटर लागतात. पुढचा डबा अचानक अडकला तर मागच्याचं काय? डबे तांड्याने, एकमेकांशी संपर्क ठेवून धावतील, असं कंपनीचं म्हणणं होतं. असेल. पण हे गणित शाळकरी पोराच्या वहीत मावणारं आहे, आणि त्या आठवड्यात ते किती वर्तमानपत्रांनी मांडलं? छापला गेला तो २५ मिनिटांचा आकडा. मुंबई-पुणे करणाऱ्या कुणालाही खंडाळ्याच्या घाटात बंद पडलेला एक कंटेनर काय करू शकतो हे ठाऊक आहे. नळीत डबा बंद पडला तर लोकांना बाहेर काढायचं कुठून, हा प्रश्न विचारायला अभियंता असावं लागत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात त्या कंपनीने माणसं बसवून पहिली चाचणी घेतली. ५०० मीटरची नळी, दोन प्रवासी, दोघंही कंपनीचेच, कमाल वेग ताशी १७२ किलोमीटर. नंतरच्या एका फेरीत पुण्याचा एक तरुण अभियंताही बसला आणि इथल्या पेपरांनी त्याचं यथोचित कौतुक केलं. २०२२ मध्ये कंपनीने शंभराहून अधिक लोकांना काढून प्रवासी सोडून मालवाहतुकीचा विचार सुरू केला. २०२३ च्या अखेरीस ती बंद पडली. आता ती चित्रफीत शोधून पाहा. ‘जॉनी निमॉनिक’ला हसू यायला पंचवीस वर्षं लागली, हिला सहा पुरली.

आपणच भोळे, असं मात्र नाही. सौदी अरेबियाने २०२२ मध्ये वाळवंटात १७० किलोमीटर लांब, ५०० मीटर उंच आणि २०० मीटर रुंद अशा आरशाच्या भिंतीतल्या शहराचा आराखडा दाखवला. लोकवस्ती ९० लाख, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वीस मिनिटांत. दोन वर्षांत बातम्या यायला लागल्या की २०३० पर्यंत त्यातले जेमतेम अडीच किलोमीटर होतील. फेसबुकने २०२१ मध्ये आपलं नावच आभासी विश्वावरून ठेवलं, आणि पुढच्या वर्षी मोठ्या समारंभाने जाहीर केलं की आता तिथल्या आपल्या प्रतिमांना पाय येणार. तोवर त्या कमरेपासून वरच तरंगत होत्या. टेस्लाने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपला कोनाकोनाचा ट्रक दाखवताना काचा अभेद्य असल्याचं सांगितलं, मंचावर धातूचा गोळा मारला, काच तडकली. दुसऱ्या काचेवर मारला, तीही तडकली. उरलेलं सगळं भाषण त्या दोन फुटक्या काचांसमोर झालं. तो प्रसंग मी आजवर पाहिलेल्या अनवधानाच्या विनोदांत पहिल्या पाचांत ठेवीन. निष्ठा शंभर टक्के, आणि हसायला २५ वर्षं थांबावं लागलं नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. स्वप्नांना हसत बसलात तर कुठलंच मोठं काम होणार नाही. कोकणात रेल्वे येणार, हाही पिढ्यानपिढ्या थट्टेचाच विषय होता ना? होता. पण कोकण रेल्वे कशी झाली ते पाहा. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, जानेवारी १९९८ मध्ये मार्ग पुरा झाला. मुंबईजवळच्या रोह्यापासून मंगळूरपर्यंत सव्वासातशे किलोमीटरहून जास्त अंतर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे धरून दोन हजारांच्या आसपास पूल. जमीन कोणाची जाणार, भात खाचरांचं काय, गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावर वर्षंच्या वर्षं भांडणं झाली. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली, माणसं गेली, काम अडलं. महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन आणि त्यांच्या लोकांनी चिखलाचा प्रश्न चिखलात उतरून सोडवला. त्या रेल्वेला हसणारे गप्प बसले ते चित्रफितीमुळे नव्हे. आजही पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या वेग कमी करून, वेगळ्या वेळापत्रकाने चालतात आणि दरडींवर लक्ष ठेवायला माणसं नेमलेली असतात. पाऊस पडणार आणि डोंगर खाली येणार, हे ज्या योजनेत धरलेलं आहे तिची थट्टा फार दिवस टिकत नाही.

म्हणून हसण्याने स्वप्न मरतं हे मला पटत नाही. ज्या स्वप्नाला शिडी धरणारा माणूस आहे ते हसू पचवतं. मद्रास आयआयटीत हायपरलूपचा चारशेहून जास्त मीटरचा चाचणीमार्ग उभा राहिला आहे. त्याला माझा काहीही विरोध नाही. प्रयोगशाळेत नळी गळते, पंप बंद पडतो आणि पोरं ते लिहून ठेवतात. तक्रार आहे ती प्रयोगाचं वेळापत्रकात रूपांतर करून ते लोकांना विकण्याची, आणि आपण माध्यमांनी, वाचकांनी, पुढाऱ्यांच्या विरोधकांनीसुद्धा ते गंभीर चेहऱ्याने ऐकून घेण्याची. सार्वजनिक जमीन, सार्वजनिक पैसा किंवा नुसतं सार्वजनिक लक्ष मागणाऱ्या प्रत्येक भविष्यदर्शी घोषणेसोबत चार पानं जोडणं सक्तीचं करायला काय हरकत आहे? मोडलं तर कोण दुरुस्त करणार, बाहेर पडायची वाट कुठे, तिकीट कितीला, आणि आजवर हे किती मीटर चाललं आहे. हायपरलूपच्या चौथ्या पानावर २०१८ साली ‘पाचशे मीटर, माणसाविना’ एवढंच लिहावं लागलं असतं. मग करार करायचा असता तर खुशाल केला असता, पण उघड्या डोळ्यांनी. गुंतवणूकदार पळून जातील अशी भीती घातली जाते; अशा चार पानांनी जो पळतो तो थांबूनही काय करणार होता?

वेगवान भविष्य गंभीरपणे उभारताना कसं दिसतं याचा नमुना जपानमध्ये आहे. तिथली चुंबकावर तरंगणारी गाडी एप्रिल २०१५ मध्ये चाचणीत ताशी ६०३ किलोमीटरने धावली. यामानाशीचा चाचणीमार्ग १९९७ पासून चालू आहे. टोकियो ते नागोया हा मार्ग २०२७ मध्ये सुरू व्हायचा होता, तो आता २०३४ च्याही पलीकडे गेला आहे. तंत्रज्ञान तयार होतं. पण वाटेतल्या शिझुओका प्रांताने विचारलं की डोंगराखालून बोगदा काढलात तर ओई नदीचं पाणी किती आटेल, आणि खालच्या शेतांना, चहाच्या मळ्यांना ते पुरेल का? पृथ्वीवरच्या सगळ्यात वेगवान गाडीचं काम त्या उत्तरासाठी त्या प्रांतात वर्षानुवर्षं थांबलं. समित्या बसल्या, झऱ्यांचं मोजमाप झालं, बोगद्यात झिरपलेलं पाणी नदीला परत कसं द्यायचं यावर अहवालामागून अहवाल आले. त्यावर मारधाडीचा सिनेमा कोणी काढणार नाही. काढलाच तर त्यात डॉल्फिन घालावा लागेल.